त्याची रेघ

माझा नवरा सिंगापूरच्या एका कॉलेजात फर्निचर डिझाइन शिकवायचा. गेल्या शतकातल्या एका इटालियन डिझायनरवर त्याचा भारी जीव. त्या एका माणसाने खुर्च्या केल्या, दिवे केले, काचेची भांडी, ताटल्या, फरशा, काटे-चमचेसुद्धा केले, हे तो जेवतानाही सांगत बसायचा. क्वीन्सटाउन भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या डिझायनरची एक खुर्ची होती. पाय काडीसारखे, बैठक वेताची. दरवर्षी पहिल्या तासाला तो ती कॉलेजात न्यायचा आणि मुलांसमोर एका बोटावर उचलून दाखवायचा.

एका वर्षी ती बोटावरून निसटली. मुलं हसली, तोही हसला. घरी आल्यावर म्हणाला, एसीने हात गारठला असेल. मग हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर, चॉपस्टिक्स सोडून तो चमचा मागायला लागला. शर्टाची बटणं मी लावू लागले. तपासण्या झाल्या. स्नायू हलवणाऱ्या नसा मरत चालल्यात आणि यावर औषध नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सावकाश, स्पष्ट सांगितलं. लेकीने मात्र नेटवर कुठलेसे व्यायाम शोधून काढले. "कॅन गेट बेटर लाह, बाबा," ती तिथल्या इंग्रजीत म्हणाली. त्याने मान डोलावली.

इतकी वर्षं दुसऱ्याच्या खुर्च्या शिकवल्या, पण स्वतःची एकही केली नव्हती. ती आता त्याला करायची होती. पेन्सिल धरवत नव्हती, म्हणून तो सांगायचा आणि मी काढायचे. मी बँकेत सॉफ्टवेअरचं काम करणारी. चित्रकलेशी माझा संबंध शाळेतच संपलेला. पाठीचा बाक आणखी थोडा वळव, म्हणायचा. मी वळवला की म्हणायचा, आधीचाच बरा होता. आठवडेच्या आठवडे आम्ही तेवढा एक बाक खोडत बसलो.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "राहू दे आता. तुझी रेघ तुझीच येते."

मी खोडरबर घेऊन तशीच बसून राहिले.

पुढे त्याला शिकवणं जमेना. नोकरी सुटली, तिच्याबरोबर आमचा सिंगापुरात राहायचा पासही गेला. मीही काम सोडलं आणि आम्ही पुण्याला परतलो. तिथे त्याचं बोलणंही गेलं. डोळ्यांची उघडझाप करून तो हो-नाही सांगायचा. मी विचारायचे, पाणी? पंखा? कूस बदलू? बऱ्याचदा माझे प्रश्न संपायचे, तरी त्याला काय हवंय ते कळायचं नाही. मग तो डोळे मिटून घ्यायचा.