दादाचे पान

३ फेब्रुवारी २०१९. फेरीत सकाळी तीन माणसे होती. दिवस मावळला तेव्हा दोन उरली.

फेरी म्हणजे एक पाकीट. पवनीजवळच्या गावात राहणारा धोंडबा, छत्तीसगडात भिलाईच्या खुर्सीपार वस्तीतली त्याची बहीण सत्यशीला आणि डोंगरगडची धाकटी तुळसा, या तिघांची तीन पाने त्यात असत. पाकीट आले की इतर दोघांची पाने वाचायची, स्वतःचे जुने पान काढून त्या जागी नवे घालायचे आणि पुढे पाठवायचे. गावाहून भिलाई, भिलाईहून डोंगरगड, तिथून पुन्हा गाव. नियम एकच होता, आणि तो धोंडबाने घातलेला: ज्याचे पान त्यानेच काढायचे, दुसऱ्याने ठेवून घ्यायचे नाही.

सत्यशीला नवऱ्याच्या नोकरीमागे भिलाईत आली, त्याला आता चार दशके होऊन गेली. पोलाद कारखान्याने विदर्भातून आलेल्या त्याच्यासारख्या बौद्ध तरुणांना पगार दिला, क्वार्टर दिले, मान वर करून चालण्याजोगा रस्ता दिला. परंतु संध्याकाळी भावाच्या ओट्यावर जाऊन बसण्याची सोय कोणतीच नोकरी करून देत नाही. ती सोय फेरीने केली. जन्म, मरण, अपघात यांसाठी पुढे फोन आला. पण फोनवर धोंडबा "बरं हाय" याच्या पलीकडे जात नसे. दारात मांजर व्याली, शेजाऱ्याने कुंपण सरकवले, दाढ दुखते आहे, हे सारे पानावरच यायचे, आणि सत्यशीलेच्या मते माणूस त्यातच राहत असे.

गिरजावहिनी वारली तेव्हा धोंडबा सत्तरीला टेकला होता. एकुलता मुलगा पुण्याला. धोंडबाने तिकडे जायचे नाकारले आणि शेजारचे ताटही नाकारले. "ज्याले भूक त्याचे हात," असे त्याने लिहिले आणि पत्रातून स्वयंपाक शिकायला घेतला. ज्या हातांनी आयुष्यभर वाढलेले ताट पुढे ओढले ते हात आता कणीक मळू लागले, याचे सत्यशीलेला कौतुक वाटे आणि हसूही येई. फेरी सावकाश फिरे. जानेवारीत चुकलेल्या भाजीची दुरुस्ती फेब्रुवारीत पोचे. एकदा त्याने लिहिले होते, "वरणात मीठ दोनदा पडलं. कुत्र्यानंही माह्याकडे पाहून मान फिरवली."

जानेवारीच्या अखेरीस फेरी खुर्सीपारात आली. धोंडबाचे पान नेहमीप्रमाणे शिसपेन्सिलीने लिहिलेले होते.

"सत्या, जयभीम. पातोड्या केल्या. बेसनाच्या वड्या पाडल्या तवा लय गोजिऱ्या दिसत होत्या. रश्शात सोडल्या अन् साऱ्या फुटल्या. पिठलं समजून खाल्ल्या. कावून फुटल्या ते लिहजो. तुळसीले विचारत नाही, ते हासते."

सत्यशीलेने नात साक्षीला बोलावून ते दोनदा वाचायला लावले. उत्तर दोन ओळींचे होते. सवडीने लिहू, म्हणून पाकीट फळीवर राहिले. ३ फेब्रुवारीच्या रविवारी पुण्याहून भाच्याचा फोन आला. धोंडबा अंगणात बसल्या जागी गेला होता.

गावी वंदना आटोपली, माणसे पांगली, तेव्हा दोघी बहिणी चुलीपाशी बसल्या. कोनाड्यात बेसनाचा डबा काठोकाठ भरलेला होता.

"बाई, दादाचे जुने पानं कोठी असतील वो?" तुळसाने विचारले.

"चुलीत. माह्याच अक्षरावर माह्या भाकरी भाजतो, म्हणे."

"मंग आता एकच उरलं. तुयापाशी."

"हो."

"मी वाचलं नाही थे."

"धाडतो ना," सत्यशीला म्हणाली.

घरी परतल्यावर मात्र पाकीट बंद करणे तिला जमेना. भावाच्या हातचे एवढेच उरले होते, आणि ते डोंगरगडला गेले की पुढे बंद घराकडे जाणार होते. साक्षीने वाट सुचवली.

"आजी, इतना क्या सोचना! झेरॉक्स काढ. ओरिजिनल तू रख, झेरॉक्स तुळसा आजीले भेज दे."

बाजारातल्या ओमप्रकाशने कागद काचेवर ठेवून तीनतीनदा बटण दाबले. "अम्मा, पेन्सिल का है, इतनाच आएगा." कागदावर घड्यांच्या रेघा ठळक आल्या होत्या, अक्षरे मात्र धुक्यात गेल्यासारखी. 'पातोड्या' हा शब्द ठाऊक होता म्हणून लागत होता.

सत्यशीला दोन्ही कागद मांडीवर घेऊन बसली. खरा आपल्याला आणि फिकट तुळसाला, ही वाटणी दादापुढे मांडण्याची तिची छाती झाली नसती. न वाचलेल्याचा हक्क वाचलेल्याच्या हौसेपेक्षा मोठा आहे, हे तिला कोणी शिकवायला नको होते. तिने आपले जुने पान काढले, नवे लिहिले, दादाचे खरे पान त्यासोबत ठेवले आणि पाकीट रजिस्टर केले. ते आता आपल्याला पुन्हा दिसणार नाही, हे मनाशी पक्के करून ती पोस्टाच्या पायऱ्या उतरली.

मार्चमध्ये फेरी आली. गावाहून नव्हे, थेट डोंगरगडहून. आत तीन पाने होती.

"बाई, जयभीम," तुळसाने लिहिले होते. "नियमानं फेरी दादाकडे धाडाची होती. कुलपाले काय धाडू? ज्याचं पान त्यानंच काढाचं, हे त्याचंच बोलणं. तो काढत नाही तोवर मी काढत नाही, अन् तू बी काढू नको. मी हासतो म्हणून मले विचारलं नाही काय त्यानं? हासली ना मी. पोट दुखेवर हासली, मंग रडली. कावून फुटल्या थे तूच सांगजो त्याले."

तेव्हापासून पाकीट खुर्सीपार आणि डोंगरगड यांच्यात फिरते आहे, आणि त्यात पाने तीनच असतात. मधले, दादाचे पान घडीवर फाटले, तेव्हा साक्षीने मागून पारदर्शक पट्टी लावून दिली. पट्टी लावताना ती म्हणाली, "आजी, जवाब लिख दे ना. बेसन कच्चं राहिलं होतं न?"

"मोठी आली सैंपाकीण! आधी पोळी गोल लाट."

"पन लिहशील केव्हा?"

"लिहीन. घाई काय हाय? त्याचं पान फिरून राहिलं ना अजून."

सत्यशीलेच्या पानावर सगळे येते: मुलाच्या कामाच्या पाळ्या, साक्षीची परीक्षा, अंगणातली मिरची, गुडघा. पातोड्या का फुटल्या, याचे उत्तर धोंडबाला द्यायचे राहिले आहे.