मोरीवरचा फ्लेक्स

...आणि ती टकटक पण लिही गं संचिता, ती सोडू नको. तुझ्या आत्याच्या मशीनमधून अशी टकटक यायला लागलेली, मला वाटलं उंदीर शिरला. मी झाडू घेऊन उभी. मग पडदा झाला काळा आणि वर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. मला वाचता येत नाही, पण मायाचं तोंड वाचता येतं. म्हटलं, गेलं.

थांब, माया कोण ते आधी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला काय कळणार. माया म्हणजे तुझी आत्या, माझी धाकटी लेक. शीळफाट्याला दिलेली, महिपतला. माणूस पिणारा नाही, मारणारा नाही. फक्त हिने काही करायचं नाही. ही कॉम्प्युटरवर पत्रिका, बॅनर बनवायला शिकली, तर ह्याचं रोजचं एकच, बंद कर ते. एक दिवस ही मशीन मांडीवर घेऊन रिक्षाने सरळ ठाकुर्लीला आली, आपल्या चाळीत. महिपत फोनवर हसला. म्हणाला, मशीन चालतंय तोवर राहा आईकडे, बंद पडलं की येशीलच परत.

माया म्हणाली, "बरं, ठरलं."

तेव्हापासून पुढच्या खोलीत तिचं दुकान. बारसं, लग्न, विहारातला कार्यक्रम, आख्ख्या चाळीचे फ्लेक्स तीच बनवते, छापून येतात कल्याणहून. आणि मशीन बंद पडलं कधी, तर जयंतीचं काम हातात असताना. मंडळाच्या फ्लेक्सवर खाली सगळ्यांचे गोल गोल फोटो असतात ना, ते सगळे त्या मशीनच्या पोटात.

डोंबिवलीचा दुकानवाला म्हणाला, ताई, हार्ड डिस्क गेली, आतलं काही निघणार नाही. नवी बसवली त्याने. विंडोज पण टाकून देतो म्हणाला, पण गर्दी आहे, आठवडाभर ठेवून जा. माया म्हणाली, पेनड्राईव्हमध्ये भरून दे, मी घालते घरी. आठवडाभर टेबल रिकामं दिसलं असतं तर शीळफाट्याला बातमी गेली असती.

मी विचारलं, विंडोज म्हणजे काय गं? तर म्हणाली, आई, नवी डिस्क म्हणजे रिकामी खोली. लाईट नाही, नळ नाही. विंडोज घातलं की राहायला येतं.

पहिल्यांदा मशीन त्या पेनड्राईव्हला ओळखच देईना. मोबाईलवर बघून बघून हिने कुठलं तरी बटण टकाटक दाबलं, तेव्हा निळा पडदा आला. टक्के पळायला लागले. आम्ही दोघी बघत बसलो, भाकरी फुगते का बघतात तशा. आणि आनंदाच्या भरात वार विसरलो. शुक्रवार होता. शुक्रवारी आपल्याकडे लाईट जाते हे शेंबडं पोर पण सांगेल. गेली. पंखा थांबला, पडदा काळा.

आणि नेमका दारात महिपत. बातमी गेलेलीच होती बघ.

आत येऊन बसला, अंधाऱ्या मशीनकडे बघितलं, आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "माया, झालं ना आता? कपडे भर."

माया म्हणाली, "लाईट आली की बघू. थांबायचं तर चहा घे, नाहीतर नाक्यावर रिक्षा मिळेल."

थांबला बाबा. हरलेली बघायची होती ना. लाईट आली, हिने परत पहिल्यापासून सुरू केलं. ह्या वेळी टक्के पुरे झाले, मशीन उघडलं, लखलखीत. महिपत वाकून बघतो आणि म्हणतो, ह्यात तर काहीच नाही. फोटो कुठायत? माणसांशिवाय जयंतीचा फ्लेक्स लावणार काय?

खरं सांगते, तेव्हा मायाने माऊसवरचा हात काढला. मला वाटलं, आता उठते ही कपडे भरायला.

तेवढ्यात शेजारची कांता आली, तिला एकच घोर. "माझा गॉगलवाला फोटो गेला का गं? तोच लाव हां, आता माझे गाल बसलेत." माया म्हणाली, गेला. कांता म्हणते, जाईल कुठे, माझ्या पिंपावर आहे की.

अगं, आपल्याकडे फ्लेक्स टाकतो का कोणी? कार्यक्रम झाला की पत्र्यावर, पिंपावर, स्कूटरवर. नाथाच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर पण आख्खं मंडळ पसरलेलं. माया उठलीच. घरोघरचे जुने फ्लेक्स मागून आणले, मी काथ्याने घासून धुतले, तिने एकेक तोंड मोबाईलवर टिपून मशीनमध्ये भरलं. कांताच्या कानाजवळ घडी पडलेली. ती म्हणाली असू दे, डूल घातल्यासारखं दिसतं.

महिपत चहा संपवून कधी गेला कळलं पण नाही. जयंतीला नाक्यावर फ्लेक्स लागला, आख्खी चाळ त्यावर. थोडी फिकट, पण सगळी.

एक तेवढा आम्ही उतरवला नाही. पाठच्या मोरीच्या पत्र्यावर मायाच्या लग्नाचा फ्लेक्स आहे, पांढऱ्या साडीत ती आणि बाजूला महिपत, छाती काढून. कांता म्हणाली, तो पण धुवायचा का? माया म्हणाली, "तो राहू दे, तिथे पत्रा फुटलाय."

तर हे वाचून शीळफाट्याकडे कोणी जात असेल तर महिपतला माझा एवढा निरोप द्या. म्हणावं, मशीन चालू आहे, माया येत नाही. आणि तुझ्या सासूने, आवडाबाईने सांगितलंय, आख्ख्या पावसात मोरीत थेंब गळला नाही, जावयाने तेवढं काम चोख केलं.