एडवणला ऐकू आलं

मी घर सोडलं त्या दिवशी गाडी अंगणात उभी होती, डिकीत बॅगा चढल्या होत्या, आईने हातावर दही ठेवलं होतं, आणि तेवढ्यात बाबांनी हात वर केला. पावणेपाच वाजले होते. सगळे होते तिथे थांबले. ताई गप्प, भावजी गप्प, आई दह्याची वाटी धरून गप्प. निरोपाला आलेले शेजारीही गप्प. बोईसरहून ठरवलेल्या ड्रायव्हरला काही कळेना. "सेठ, मनोर पे जाम मिलेगा, फ्लाइट छूट जाएगी," असं तो दोनदा म्हणाला. मग आमचे चेहरे पाहून बिचारा स्वतःच खाली मान घालून उभा राहिला, त्याला वाटलं घरात कुणी गेलंय. तीन मिनिटांनी बाबांनी हात खाली घेतला. "हां. आता निंग," म्हणाले. माझ्या परदेशी जाण्याला त्यांनी दिलेला निरोप एवढाच.

आमचं घर ज्यांना माहीत नाही त्यांना हे सांगायला हवं. बाबा मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. त्या काळी जहाजं पाचशे किलोहर्ट्झच्या आसपास, मीडियम फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर, मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या भाषेत, बोलत. त्या पट्ट्याचा एक कडक नियम होता. दर तासाला दोनदा, सव्वाला आणि पावणेला, तीन-तीन मिनिटं जगातल्या सगळ्या जहाजांनी गप्प बसायचं आणि फक्त ऐकायचं. जो बुडतोय त्याचा आवाज बारीक असतो, तो इतरांच्या बडबडीत हरवू नये म्हणून. रेडिओच्या खोलीतल्या घड्याळावर तेवढ्या जागा लाल रंगवलेल्या असत. पुढे सॅटेलाइट आले, जहाजांवरचं मोर्स गेलं आणि बाबा एडवणला, समुद्रकाठच्या आमच्या वाडीत परतले. पानवेली आणि केळी बघू लागले. पण आल्या आल्या पहिलं काम काय केलं असेल, तर दाराला लावायचा ऑइलपेंट घेऊन स्वयंपाकघरातल्या घड्याळावर दोन लाल पाचरी रंगवल्या.

ते घरात असले की नियम लागू. मासळीवाली दारात आली तरी पाटी उतरवून मुकाट बसायची. मला मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा ऐन चहापोह्यात बाबांनी हात वर केला, आणि मुलीकडचे समजले की आमचा नकार आहे. लग्न झालं, पण बायको अजून तो किस्सा पाहुण्यांना सांगते. मी बोईसरला कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचं काम करायचो, शिफ्टमुळे बेटेगावात खोली घेऊन राहायचो. तिथेही पावणेनऊला तोंडातला घास तसाच ठेवून मी थांबायचो. सोबतचे यूपीचे कामगार विचारायचे, "भाई, नमाज़ है क्या?"

मोर्स मी जेवता जेवता शिकलो. बाबा चमच्याने ताटाच्या काठावर वाजवायचे आणि मी ओळखायचं, त्याशिवाय आमटी नाही. आई वैतागायची. बाबा म्हणायचे, मोर्समध्ये माणसाचा हात ओळखू येतो. कुणी टिंब तोडतो, कुणी रेघ ओढतो. हजार मैलांवरच्या जहाजावर कोण बसलाय हे त्यांना दोन अक्षरांत कळायचं, नाव विचारावं लागायचं नाही. माझ्या हाताची खोड म्हणजे शब्दाची शेवटची रेघ मी जरा जास्त ओढतो. ती मोडायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला.

आता मी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर जेराल्डटनला राहतो. बंदरात नोकरी, रोस्टरप्रमाणे ड्यूटी, शनिवारी शेजाऱ्याच्या बॅकयार्डमध्ये बार्बेक्यू. तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला आमचे फोटो बघून वाटतं की बरं चाललंय. चाललंय खरंच बरं. जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना मात्र ठाऊक आहे की संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ कशी असते. इथे समोर समुद्र आहे, तोच समुद्र, फक्त सूर्य बुडताना त्याच्यामागे कुठेतरी आपलं गाव असतं. एडवणला आपण समुद्राकडे तोंड करायचो तेव्हा त्याच्यामागे कुणी नव्हतं. दिशा तीच, आणि तरी हा फरक मला इतक्या वर्षांत पचलेला नाही.

हौशी रेडिओचं लायसन मी इथे काढलं. बाबांच्या जुन्या जहाजी पट्ट्याला अगदी लागून, थोडी खालची जागा आता हौशी लोकांना मिळाली आहे, हे मी त्यांना फोनवर सांगितलं.

"तिथं कोन बोलतं आता?"

"आमच्यासारखे हौशी, बाबा."

"मोर्स?"

"थोडे जण. बाकी सगळं डिजिटल."

"म्हंजे कोनीच नाय," ते म्हणाले.

पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी सातपाटीहून बोटीची नायलॉनची दोरी आणली, दोन माडांमध्ये लांबच लांब तार ताणली आणि ताईकडून तिचा जुना लॅपटॉप मागवला; त्याला जोडायचा रेडिओचा डबा मी इथून पाठवला. त्यांना तिथून काही पाठवायचं नव्हतं. फक्त ऐकायचं होतं. मी पाठवणार आणि ते ऐकणार, असं ठरलं.

डिजिटलची गंमत अशी की माणसाच्या कानाला नुसती खरखर ऐकू येते तेव्हाही कॉम्प्युटर त्या खरखरीच्या तळातून सिग्नल उपसून काढतो. माझा ट्रान्समीटर दोन मिनिटं एक संथ सूर पाठवतो. एडवणचा लॅपटॉप तो ओळखतो आणि कुणी सांगायच्या आत इंटरनेटवरच्या नकाशात नोंद करतो की अमुक स्टेशन तमुक ठिकाणी ऐकू आलं. पहिल्यांदा जेराल्डटनपासून एडवणपर्यंत ती रेघ उमटली तेव्हा मी शेडमध्ये एकटाच रडलो. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "मशीननं ऐकला तुला. मी नाय."

मग मला तोच एक ध्यास लागला. माझा हात एकदा तरी बाबांच्या कानापर्यंत पोचायला हवा. ते सत्तरी ओलांडून गेले होते, एका कानाने कमी ऐकू येत होतं, आणि हे व्हायचं तर त्यांच्या हयातीतच व्हायला हवं होतं. कामावरून येऊन जेवलो की रात्री नऊनंतर आधी थोडा वेळ मशीनचा सूर सोडायचा, मग मोर्स वाजवायची कळ, मोर्स-की, पुढे ओढून हाताने पाठवायचं. एडवणला तेव्हा दिवेलागण झालेली असायची. एलईडी दिवे, फ्रिज, पंपाचा स्टार्टर, सगळ्याची खरखर त्या पट्ट्यावर येते. म्हणून बाबा घराचा मेन स्विच बंद करायचे आणि बॅटरीवर रेडिओ लावून बसायचे. आई फोनवर सांगायची, "तुजा आवाज ऐकाया घरात काळोख करून बसलाय बाबा तुजा. माजी मालिका गेली, भाजी पन करपली." नकाशावर रेघ उमटायची, कधी नाही उमटायची. कानावर मात्र काही येत नव्हतं. दोन हिवाळे असेच गेले.

आणि एके दिवशी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. ते स्वतः कधी कॉल करत नसत. चेहरा असा की मी घाबरलो.

"काल ऐकला तुला," म्हणाले. "कानानं. लॅपटॉप बंद व्हता माजा."

मी फोनचा आवाज वाढवला.

"दोनदा आलं. बाबा, मी. बाबा, मी. येवडंच. हात तुजाच. शेवटची रेघ वढतोस अजून, गाढवा."

त्या आठवड्यात इथे वादळ झालं होतं. माझी तार पडली होती, खांब वाकला होता, आणि सगळा पसारा गुंडाळून मी शेडच्या कोपऱ्यात टाकला होता. आदल्या रात्रीच काय, पाच-सहा दिवसांत मी काहीही पाठवलेलं नव्हतं.

बाबांच्या मागे आई उभी होती, हसत. मी म्हणालो, "हो बाबा. मीच."

त्यानंतर मला नीट झोप आली नाही. तासन् तास खरखर ऐकत बसलं की कान स्वतःच अक्षरं जुळवायला लागतो, हे बाबांनीच मला लहानपणी सांगितलं होतं. जहाजावर लांब ड्यूटी झालेले ऑफिसर कधी कधी नसलेल्या जहाजांना उत्तरं द्यायचे, असं ते सांगायचे. त्या लोकांची त्यांना कीव यायची. मग त्यांना स्वतःला कसं कळलं नाही? आणि ते दोनच शब्द का? शाळेतून आल्यावर दार वाजवलं की ते आतून "कोन?" विचारायचे आणि मी तेच सांगायचो. हे मी कधी रेडिओवर पाठवलं नव्हतं. तार पुन्हा उभी केली, पाठवत राहिलो. ते कधी म्हणायचे ऐकलं, कधी नाही. खरं किती आणि भास किती हे मी तपासलं नाही. तपासायची भीती वाटत होती.

दिवाळीनंतर बाबा गेले. वाडीत पानं खुडता खुडता खाली बसले ते उठलेच नाहीत. मी पोचलो तेव्हा भावजींनी अग्नी दिलेला होता. बाबांच्या खोलीत लॅपटॉप चालू होता, पडद्यावर कुठल्या कुठल्या देशांतली नावं येत होती. मी बंद करायला हात पुढे केला तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे." मी राहू दिला.

परत आल्यावर पहिल्या रात्री सवयीने सूर सोडला आणि नकाशा उघडला. बाबांच्या स्टेशनच्या नावाखाली लिहिलेलं होतं की मी एडवणला ऐकू आलो. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. जपानमधल्या एका हौशी गृहस्थाने बाबांच्या नावे आभाराचा मेल पाठवला, तुमचा कान फार चांगला आहे, म्हणून. मी त्याला उत्तर दिलं नाही. रोज रात्री माझे मेलेले वडील जगाला जाहीर करत होते की पोराचा आवाज येतोय, आणि मी रोज ते बघायला बसत होतो. बायको म्हणाली, "हे बंद कर, मला भीती वाटते तुझी." मला स्वतःलाही वाटत होती.

गेल्या महिन्यात आईचे गुडघे अगदीच गेले. ताई तिला बोईसरला आपल्या फ्लॅटवर घेऊन जाणार, एडवणच्या घराला कुलूप लागणार. ताईने फोनवर विचारलं, "वीज तोडून टाकतोय. तो डबा काढू ना?" मी म्हटलं, फोन आईला दे. आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं आईला सांगून टाकलं. की बाबांनी मला कानाने ऐकलं असं सांगितलं त्या दिवशी मी काही पाठवलंच नव्हतं, इथली माझी तारच पडलेली होती.

"ठाव हाय," आई म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"त्यांनाच ठाव व्हतं रे. नकाशात तुजं नाव आठवडाभर नव्हतं. रोज बगायचे. म्हंगाले, पोराची तार पडली वाटतं, कळवत नाय, आपन काळजी करू म्हनून."

"म्हणजे ते माझं मन राखायला खोटं बोलले?"

आई चिडली. बाबांवरून ती माझ्यावर चिडली असं पहिल्यांदाच झालं. "खोटं कशाला बोलतील? मी बाजूला बसलेली. काळोखात एकदम हात वर केला त्यांनी. मग म्हंगाले, आला. डोळ्यांना पानी व्हतं. मी म्हटलं, आवो, मशीनमदी नाय ना आला? तर म्हंगाले, मशीनला काय ठाव तो कोनाचा."

ताईने डबा काढला. आता नकाशावर एडवण नाही. बोईसरच्या फ्लॅटमध्ये आई खिडकीशी बसते, खालून कंपन्यांच्या बसगाड्या जातात, आणि ती सांगते की इथं आवाज फार हाय. गावाला जायचं म्हटलं तर मी जाऊ शकतो. भावजींकडे चावी आहे, वाडी कुणीतरी कसतंय. पण ज्याला मी घर म्हणत होतो तो एक कान होता. मी बोललो नाही तरी मला ऐकणारा. तो गेल्यावर उरलं ते कौलं, भिंती आणि दोन माडांमधली तार.

आताही मी रात्री शेडमध्ये जातो. पाठवत काही नाही. मोर्स-की फळीवर ठेवून दिली आहे. हेडफोन लावतो आणि त्या पट्ट्यावरची खरखर ऐकत बसतो. शेजारचा विचारतो, "एनीथिंग, मेट?" मी मान हलवतो, हो की नाही ते त्याला कळत नाही.

शेडमधला लॅपटॉप मी लावत नाही. तो चालू असला तर त्या खरखरीत कुणी नाही असं सांगेल.