न वाळणारी सायकल

पेंटरने चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. दुसऱ्यांची नावं लिहिण्यात हयात गेली म्हणून असेल, पण स्वतःच्या वस्तूवर परक्याचं नाव त्याला खपत नसे. काम थांबवल्यावर त्याने एक जुनी हिरवी सायकल घेतली, तर तिच्या दांडीवर कंपनीचं हे एवढं मोठं नाव!

"अक्षरांत अंतर कसं सोडलंय बघ," तो बायकोला म्हणाला. "आणि वर यांची फुकट जाहिरात मी करायची?"

बायको निवृत्त नर्स. सकाळी दोघांनी तळ्यापर्यंत सायकलवर जायचं, एवढीच तिची हौस. पण पेंटरने मडगार्डावरचा एक चरा बुजवला, तो भाग नवा दिसू लागला, म्हणून बाकीचा जुनाट वाटू लागला, आणि गृहस्थ हात धुऊन सायकलच्या मागे लागला. "हात लावू नकोस, ओली आहे!" तीन महिने हेच. बायको एकटीच जाऊन यायची.

शेवटी दांडी उरली. त्याने बायकोचा हेअर ड्रायर लावून स्टिकर गरम केलं, नखाने सोलून काढलं, चिकटा रॉकेलने पुसला. मागे सरून पाहिलं आणि त्याने कपाळावर हात मारला. दांडीचा रंग उन्हाने विटला होता, स्टिकरखालचा मात्र तसाच गडद राहिला होता. नाव अजूनही वाचता येत होतं.

बायको हेल्मेट घालून दारात उभी होती. "आजही नाही?"

"घासायची, अस्तर मारायचं, मग रंगाचे दोन हात. आठ दिवस धर."

"बरं. मग माझी सायकल भाचीला देऊन टाकते. एकटीने फिरायचा कंटाळा आलाय मला."

भांडली असती तर त्याने निभावून नेलं असतं. ती शांतपणे बोलली, त्यामुळे तो हबकला. खरं म्हणजे त्याला भीती वाटायची ती लोकांची: पेंटरची सायकल, आणि अशी? त्याने पॉलिश पेपर खाली ठेवला.

"थांब, चपला घालतो."

पहिल्याच वळणावर हँडल भिंतीला घासलं आणि बोटभर रंग उडाला. आता जीव कळवळणार म्हणून तो थांबला, तर उलट जीव भांड्यात पडला. सांभाळायला काही उरलंच नव्हतं! पुढे वह्यांच्या दुकानाचा जुना ओळखीचा मालक भेटला. "काय पेंटर, कुठे?" एवढंच त्याने विचारलं. सायकलकडे पाहिलंसुद्धा नाही.

चढावर बायको पुढे गेली आणि थांबली. तो धापा टाकत पोचला.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तुम्हाला माझ्याबरोबर यायचंच नाहीये. रंगाचं निमित्त करताय."

पेंटर सायकलवरून उतरला. तीन महिने ही असं समजत होती!

"यायचं होतं गं. रोज यायचं होतं."

"मग तसं सांगायचं ना!" म्हणत तिने पदराने डोळे पुसले, आणि चढ संपेपर्यंत सायकल हातात धरून ती त्याच्या बरोबरीने चालली.