तिसऱ्या पानावरची ओळ

माझं भांडण एका ओळीचं होतं. प्रोग्रामिंग शिकवणारं एक इंग्रजी पुस्तक इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात कुणीही दुरुस्ती सुचवू शकतो. तिसऱ्या पानावरचं सॉफ्टवेअर टाकून झालं की कॉम्प्युटरला हुकूम टाइप करायची ती काळी खिडकी बंद करून पुन्हा उघडावी लागते, नाहीतर पुढचं काहीच चालत नाही. पुस्तकात हे कुठेच नव्हतं. त्यापायी माझे दोन दिवस वाया गेले होते.

माझी धाकटी बहीण याच पुस्तकावरून शिकणार होती. ती भामरागडच्या पलीकडे आश्रमशाळेत शिक्षिका आहे. शाळेत कॉम्प्युटर आहेत, शिकवणारं कुणी नाही. पावसाळ्यात तिकडचा रस्ता तुटतो, नेटही जातं, म्हणून जूनमध्ये सिंदेवाहीच्या आमच्या घरून निघताना ती माझ्या जुन्या लॅपटॉपवर पुस्तक उतरवून नेणार होती. त्याआधी माझी ओळ पुस्तकात जायला हवी होती.

मी मे महिन्यातच पाठवली. पुस्तक सांभाळणाऱ्यांपैकी एक म्हणाला, हे तर सगळ्यांना ठाऊक असतं. सगळ्यांना म्हणजे कुणाला रे बाबा? दुसऱ्यानं अगोदर वेगळी तक्रार नोंदवायला लावली. तिसऱ्यानं ओळ पानाच्या शेवटी न्यायला सांगितली, चौथ्यानं पुन्हा वर आणायला. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! माझं डोकंच फिरलं. जेवताना तेच, अंगणात बाबा फाटकं जाळं शिवत बसले की त्यांच्यापुढेही तेच.

बहीण जुनंच पुस्तक घेऊन गेली. जुलैत एकदाच तिचा फोन लागला, कुठल्याशा टेकाडावरून. मी तो सगळा वेळ त्या लोकांना शिव्या घालण्यात घालवला. ती "हो दादा, हो दादा" करत राहिली आणि फोन तुटला.

ऑगस्टमध्ये ओळ एकदाची पुस्तकात गेली. मी बाबांना सांगायला धावलो. मान वर न करता ते म्हणाले, "बरं झालं. मंग पोरीले सांगतलं काय, खिडकी बंद कर म्हणून?"

स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती. त्या दिवसापासून रोज फोन लावला. लागला नाही.

दिवाळीत ती आली आणि लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला.

"तिसऱ्या पानाच्या पुढं गेलीच नाई मी, दादा. कितीदा करून पाह्यलं. फोनवर विचारणार होती, पण तू आधीच चिडून होता. हे राहू दे तुह्याजवळच. माह्या डोक्यात नाई बसत."