तिसऱ्यांदा विचारायचं असतं

लग्न करून ड्युसेलडॉर्फला आले, त्या पहिल्याच रविवारी सासूबाईंनी केक पुढे केला. मी सवयीनं म्हणाले, "नको, नको." पुण्यात आग्रह करत नाहीत म्हणून सगळा महाराष्ट्र आम्हाला हसतो, पण अहो, पुण्यातसुद्धा दुसऱ्यांदा विचारतात! सासूबाई "गुट", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि केक डब्यात घालून झाकण लावलं. बाई वाईट नव्हत्या. मी नको म्हणाले, त्यांनी ऐकलं. मी मात्र संध्याकाळपर्यंत उपाशी बसले, आणि या देशात पहिल्या विचारण्याला हो म्हणायचं हे त्या दिवशी पोटानं शिकले.

माझा जर्मन नवरा आमच्या भागातल्या फुटबॉल फेराइनचा, म्हणजे क्लबचा, अध्यक्ष. इथे तीन माणसं जमली की फेराइन काढतात आणि चौथा आला की त्याला खजिनदार करतात. मी शनिवार-रविवार क्लबहाउसच्या काउंटरवर कॉफी, सॉसेज आणि हट्टानं माझे बटाटेवडे विकते. तिथेच मला आमचा जपानी कोच भेटला.

तो विशीत इकडे खेळायला आला होता. स्वप्न मोठ्या स्टेडियमचं, आणि खेळला कुठे, तर चिखलातल्या खालच्या लीगमध्ये. तिथेच गुडघा गेला. आई-वडलांना काय तोंड दाखवू, म्हणून परत गेला नाही. दिवसभर एका कंपनीच्या गोदामात काम करायचा आणि संध्याकाळी क्लबच्या लहान मुलींना फुटबॉल शिकवायचा. एकदा नापास होऊन, मग पुन्हा बसून, त्यानं जर्मनमधून कोचिंगचं लायसन्स काढलं. त्याला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी होती: मोठ्यांचा पहिला संघ. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, तेही कान लाल करून, जणू काही पाप सांगतोय.

प्रॅक्टिस संपली की मी त्याच्यापुढे वडा धरायची.

"नको, नको, तुम्हाला त्रास."

"अरे घे."

"खरंच नको."

"घेतोस की नाही आता?"

मग तो दोन्ही हातांनी प्लेट घ्यायचा आणि मान लववायचा. काउंटरशी उभे असलेले लोक मला म्हणायचे, तो नको म्हणतोय ना, मग कशाला छळतेस त्याला? त्यांना काय कळणार, कप्पाळ! एवढ्या वर्षांत या गावात माझ्याशी नको-नको खेळणारा तो एकटा होता. माझ्या मुलीलासुद्धा ते येत नाही. तिला लाडू हवा असेल तर जर्मनमध्ये "या" म्हणते, म्हणजे हो, नको असेल तर "नाइन", म्हणजे नाही, विषय संपला.

मग एका मोसमाच्या मध्येच जुना कोच दुसऱ्या क्लबात पळाला आणि पहिला संघ याच्या हाती आला. काय सांगू, माणूस बदलून गेला! पोरं त्याच्यासाठी जीव तोडून धावायची. तळातला संघ वर आला, इतका वर की शेवटच्या सामन्यात नुसती बरोबरी केली असती तरी आम्ही वरच्या लीगमध्ये गेलो असतो. आणि शेवटच्या मिनिटाला आमच्या गोलकीपरच्या हातून सरळ आलेला बॉल निसटला. हरलो.

क्लबहाउसमध्ये सुतक होतं. गोलकीपर कोपऱ्यात टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसला होता. कोच सगळ्यांसमोर उभा राहिला आणि कमरेत वाकला, अगदी खोल. म्हणाला, "चूक त्याची नाही. माझी आहे. मी या जागेच्या लायक नाही. मी पद सोडतो."

आणि तो तसाच वाकून राहिला. मान वर केलीच नाही.

मी काउंटरमागे उभी होते आणि मला लख्ख कळलं, हा थांबलाय. कोणीतरी आता उठेल आणि म्हणेल, भलतंच काय, तूच हवास. तो पुन्हा नाही म्हणेल, मग सगळे म्हणतील, आणि तिसऱ्यांदा तो मान वर करेल.

माझा नवरा उठला. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मानलं तुला. इतका प्रामाणिक माणूस कमी भेटतो. क्लब तुझा निर्णय स्वीकारतो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, तेच तर! कोच सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी तो हसला.

मी नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं. "अरे, त्याला जायचं नाहीये! त्याला थांब म्हणायचं असतं!"

"हे बघ, तो स्वतः म्हणाला."

"म्हणाला म्हणजे तसं नसतं ते!"

"मग कसं असतं?"

माझं डोकंच फिरलं. समजावलं, जीव तोडून समजावलं. शेवटी हा शहाणा बाहेर गेला आणि भर गर्दीत त्याला विचारलं, "माझी बायको म्हणते, तुला खरं तर राहायचंय. खरं आहे का?" भरल्या ताटावरून उठवायचं आणि वर चारचौघांत विचारायचं, काय रे, भूक लागलीय का! कोच म्हणाला, "नाही, नाही, धन्यवाद." नवरा परत येऊन मला म्हणाला, "बघ." आठवडाभर मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

नवा कोच आणला तो घसा फोडून ओरडणारा. संघ हरत गेला आणि थंडीच्या आधीच तोही गेला. आमचा जपानी मैदानाकडे फिरकला नव्हता, मुलींचं शिकवणंसुद्धा त्यानं सोडलं होतं. तेव्हा कुठे नवऱ्याला माझी आठवण झाली. "कसं विचारायचं असतं, सांग."

मी त्याला तयार केलं. पहिल्या "नाही"कडे लक्ष द्यायचं नाही, दुसऱ्याकडे तर मुळीच नाही. तिसऱ्यांदा मनापासून विचारायचं. बिचाऱ्यानं आंघोळ करता करता पाठ केलं.

रविवारी कोचला घरी बोलावलं. मी गरम वडे पुढे केले. "घे."

त्यानं लगेच एका हातानं उचलला. "डांके," म्हणून आभार मानले.

पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

नवऱ्यानं विचारलं, संघ पुन्हा घेशील का. तो नाही म्हणाला. नवऱ्यानं दुसऱ्यांदा विचारलं, तो नाही म्हणाला. तिसऱ्यांदा माझा तो उंचापुरा जर्मन नवरा खुर्चीतून उठला, त्याच्यापुढे वाकला आणि म्हणाला, "आम्हाला तूच हवास."

कोचनं वडा संपवला, बोटं पुसली. "नाइन," तो म्हणाला. "कोचिंग मी सोडलंय. आता गोदामातच बरा आहे."

मान लववली नाही, कान लाल झाले नाहीत. सरळ नाही.

नवरा माझ्याकडे वळला. गडी अगदी निरागसपणे विचारत होता, "चौथ्यांदा विचारू?"

"नको," मी म्हणाले.

त्यानं लगेच ऐकलं.