आमच्या गरम कपाटाची वाटणी

इंग्लंडात घर विकत घेताना इतर बायका किचन बघायच्या, बाग बघायच्या; मी आधी एअरिंग कबर्ड उघडून बघायची. बाथरूमशेजारचं हे कपाट, आत गरम पाण्याची टाकी आणि तिच्यावर फळ्या. इंग्रज लोक तिथे टॉवेल ठेवतात. ठेवोत बापडे! आमच्या हाउन्सलोच्या घरात त्या फळ्यांवर माझं दही लागायचं, मटकीला मोड यायचे, आंबोळीचं पीठ फुगून यायचं. घराचे हप्ते ह्यांनी भरले असतील, पण कपाटावर राज्य माझं होतं.

हे म्हणजे हरिदास सोनटक्के, माझे यजमान. नागपूरचे. विमानतळावर एका विमान कंपनीच्या स्टोअरमध्ये उभा जन्म काढला. शांत माणूस, पण शांत असणं वेगळं आणि गप्प होणं वेगळं, हे मला एक्याण्णव साली कळलं. त्या वर्षी कंपनीने माणसं कमी केली, त्यात हेही गेले. पैसे बरे मिळाले, त्याची तक्रार नाही. पण दुसऱ्या दिवसापासून हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. टीव्ही चालू, आवाज बंद. काही विचारलं की "हं." जेवायला वाढू? हं. मीठ कमी आहे का? हं. भिंतीशी बोललं तरी प्रतिध्वनी येतो हो! मी मनातून फार घाबरले होते.

शेजारच्या रॉनलाही ते दिसत असावं. तो एका रायफल क्लबचा सेक्रेटरी होता. एका शनिवारी तो ह्यांना गाडीत घालून घेऊन गेला, आणि संध्याकाळी हे स्वतःहून मला म्हणाले, "यमुना, मला मेंबर व्हायचंय."

मी कपाळावर हात मारला. दर रविवारी विहारात जाऊन पंचशील घेणारा माणूस, आणि घरात बंदूक? माझे सासरे पलटणीत होते, पण त्यांनीसुद्धा कधी बंदूक घरी आणली नव्हती!

"अगं, कागदावर नेम धरायचा असतो," हे म्हणाले. "कागदाला कुठे जीव असतो?"

मग पोलीस येऊन सतरा प्रश्न विचारून गेला, बंदुकीसाठी भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट हलवून बघून गेला, आणि कितीतरी महिन्यांनी लायसन्स आलं. मागोमाग बंदूक आली. लष्कराच्या जुन्या साठ्यातली, बहुतेक माझ्याच वयाची. गंजू नये म्हणून कुणीतरी तेव्हा तिला ग्रीसमध्ये बुडवून, मेणकागदात गुंडाळून ठेवली होती. तपकिरी, चिकट, हाताला लागलं की साबणालाही न जुमानणारं ते ग्रीस. बंदूक कसली, शेंबडं पोर होतं ते! पण हे तिच्याकडे असे बघत होते की काय सांगू.

शेडमध्ये काम सुरू झालं. सगळे भाग सुटे केले. लोखंडाला घासलेटचा ब्रश, मग नळीतून किटल्यांमागून किटल्या उकळतं पाणी, मग कोरडं पुसून तेलाचा पातळ हात. पहिल्या वेळी तेल कुठलं लावावं? माझं खोबरेल! तेल ते तेल, असं ह्यांचं मत. नोव्हेंबरात क्लबाच्या नेमबाजीच्या रेंजवर गेले तर खोबरेल थिजून बंदुकीचा बोल्ट जागचा हलेना. सगळा क्लब पोट धरून हसला, आणि घरी येऊन ते सांगताना हेही हसले. कितीतरी दिवसांनी हसले. त्या दिवशी मी बंदुकीला पहिल्यांदा मनातून माफ केलं.

खरी अडचण लाकडाची. लाकडात ग्रीस मुरलेलं असतं, ते घासून निघत नाही. लाकूड मंद उबेत ठेवायचं, घाम यावा तसं ग्रीस वर येतं, ते पुसायचं आणि पुन्हा उबेत ठेवायचं. रॉनने सांगितलं, काळ्या पिशवीत घालून उन्हात ठेव. आता हाउन्सलोचं ऊन! हे पिशवी घेऊन बागेत सूर्याची वाट बघत बसले. मग एक दिवस मी दही काढायला कपाट उघडते तो खालच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला बंदुकीचा दस्ता.

"अहो, हे काय?"

"तुझं दही वर, माझं लाकूड खाली. वाटणी!"

बोट दिलं तर मनगट धरलं. स्वतःचा दस्ता झाला तसे क्लबातले बाकीचे लोक आपापल्या बंदुकांची लाकडं आणून देऊ लागले. बंदूक दुसऱ्याच्या घरी ठेवता येत नाही, पण लाकडाला लायसन्स लागत नाही. त्यांच्यात ह्यांचं नाव 'हॅरी' पडलं. रोज सकाळी हे लाकूड बाहेर काढायचे, पुसायचे, शीळ वाजवायचे. ग्रीस गेलं की आतून अक्रोडाच्या लाकडाच्या रेषा दिसू लागायच्या, मग मला हाका. "यमुना, इकडे ये, हे बघ." एका दस्त्यावर कुणा सैनिकाने चाकूने दोन अक्षरं कोरलेली होती. हे दिवसभर म्हणत राहिले, कोण असेल गं तो, घरी पोचला असेल का?

मी कुरकुरायची, पण खरं सांगते, सुखात होते मी.

त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात आमच्या लेकीचं, शिल्पाचं जमलं. ती रीडिंग गावात एका ऑफिसात होती, तिथलाच अजय. त्याचे आईवडील, माधवराव आणि आशाताई, लेस्टरहून पहिल्यांदाच जेवायला येणार होते. मी पातेलंभर दही लावलं, टांगलं, केशर-वेलदोडा घालून श्रीखंड केलं. सकाळपासून चव घेऊन घेऊन माझी जीभ मेली होती, मला काही कळलं नाही. खालच्या फळीवर तेव्हा चार दस्ते घाम गाळत होते. वास वर जातो हे ना माझ्या डोक्यात आलं, ना ह्यांच्या.

माधवरावांनी पहिला घास घेतला आणि चमचा तोंडातच राहिला. मग फार सभ्यपणे म्हणाले, "वहिनी, श्रीखंडात काही नवीन घातलंय का?"

शिल्पाने चाखलं आणि ती आपल्या इंग्लंडी मराठीत ओरडली, "ममी! हा श्रीखंड एकदम पेट्रोल स्टेशनसारखी लागतो!"

सगळे हसले. आशाताई तर डोळे पुसू लागल्या. लग्न काही मोडलं नाही, उलट जमलंच. पण माझी मान खाली गेली ती गेली. पाहुण्यांची गाडी वळताच मी ह्यांच्यावर तोंड सोडलं. "बास झालं! या घरात एक तर ती लाकडं राहतील, नाहीतर मी!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. ह्यांनी वाद घातला असता तर मी चार शब्द बोलून मोकळी झाले असते. हे सरळ झोपायला गेले. सकाळी सगळी लाकडं रॉनकडे परत देऊन आले आणि "माझ्या बंदुकीला गिऱ्हाईक बघ," असंही त्याला सांगून आले. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी व्हिनेगर घेऊन कपाट घासायला बसले.

दही पुन्हा झकास लागू लागलं. आणि हे पुन्हा खुर्चीत. टीव्ही चालू, आवाज बंद. दही छान झालंय ना? हं. एका दुपारी वाटी त्यांच्यापुढे ठेवून मी आत गेले आणि रडले. दही लागत होतं आणि माझा माणूस विझत चालला होता.

तशीच उठून रॉनकडे गेले. "बंदूक विकली का?"

"मी अजून कुणाला विचारलंच नाही," रॉन म्हणाला. "वाटलं, तुमचं तुम्ही मिटवाल."

"इतकं वेड आहे त्यांना त्या नेमबाजीचं?"

रॉन माझ्याकडे बघतच राहिला. "नेमबाजी? मिसेस सोनटक्के, हॅरीइतका वाईट नेम आमच्या क्लबात कुणाचाच नाही. कागदसुद्धा त्याच्यापासून सुखरूप असतो. तो येतो ते साफसफाईसाठी. दुसऱ्या कुणाकडे लाकूड द्यायला लोक तयार नाहीत, तशीच पडली आहेत माझ्या गॅरेजमध्ये."

मी परतताना कोपऱ्यावरच्या दुकानातून दह्याचा प्लास्टिकचा डबा घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. संध्याकाळी पानात वाढलं. ह्यांनी एक चमचा तोंडात घातला आणि बऱ्याच दिवसांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हे आपलं नाही."

"नाहीच. कपाट रिकामं केलंय मी. खालची फळी आणि वरचीसुद्धा. रॉनकडून लाकडं घेऊन या."

"आणि तुझं दही?"

"मला विकतचं चालेल. तुम्ही असे बसलेले चालत नाही."

हे उठले. पायात घरातल्या सपाता, बाहेर पाऊस, तसेच निघाले. पानातलं दही तसंच राहिलं, आणि खरं सांगायचं तर ते खाण्यासारखं नव्हतंही.